शेवटच्या झाडाचं पाणी

गोष्ट नाशिकची आणि दोन मित्रांची. बोधकथेतल्या माणसांना नावं लागत नाहीत, म्हणून एकाला इंजिनिअर म्हणू, दुसऱ्याला बागायतदार. अकरावी-बारावीला दोघं केटीएचएम कॉलेजात एका बाकावर बसायचे. पुढे इंजिनिअर अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला लागला आणि बागायतदाराने निफाडची वडिलांची द्राक्षबाग सांभाळायला घेतली. त्यानंतर भेटी व्हायच्या त्या लग्नकार्यात, नाहीतर दवाखान्याच्या व्हरांड्यात. दोघं चाळिशीला आले आणि इंजिनिअरच्या घराजवळ पॅडलचं कोर्ट झालं. त्याने मित्राला फोन लावला, "अरे, चौघांचा खेळ आहे. जोडीदार लागतो. येतोस का?" बागायतदाराने जन्मात कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट सोडून काही खेळलेलं नव्हतं. पण मित्राने बोलावलं, म्हणून तो आला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोर्ट वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. मागे काचेच्या भिंती, बाजूंना काच आणि जाळी. मध्ये टेनिससारखं नेट, मधोमध ८८ सेंटिमीटर उंच. रॅकेटला तारा नसतात, ती भोकं पाडलेली आखूड, जाड रॅकेट असते. गुण टेनिसचेच. सर्व्ह मात्र खालून करायची, चेंडूला एक टप्पा देऊन, कमरेच्या वर न जाता. खरा फरक आहे तो भिंतीचा. चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन तुमच्या मागच्या काचेवर आदळला तरी तो जिवंतच असतो. दुसरा टप्पा पडायच्या आत तो परतवता येतो. त्यामुळे नुसत्या ताकदीला इथे मोल कमी. जोरात हाणलेला चेंडू काचेवरून उसळून परत येतो आणि समोरच्याच्या हातात अलगद बसतो. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरच्या आवारात भिंतींनी वेढलेलं कोर्ट बांधलं, तिथून हा खेळ निघाला. १९७४ मध्ये तो स्पेनमध्ये मार्बेयाला पोचला आणि पुढे जगभर पसरला. आपल्याकडे तो अगदी अलीकडचा.

आणि हौशी स्पर्धांबद्दलही एक सांगतो. आपल्या घरांत मूल दहावीला गेलं की रॅकेट माळ्यावर जाते. ती पुन्हा खाली काढायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, कित्येकांची तर कायमची वरच राहते. म्हणून चाळिशीतल्या माणसाचं नाव ड्रॉमध्ये लागतं, मुलं-बायको काचेबाहेर उभी राहून त्याचा सामना बघतात, याला मी फार मोलाचं समजतो. हरणं-जिंकणं पुढची गोष्ट. पण ज्याने नाव दिलं त्याने तयारी मनापासून करावी, आणि ही गोष्ट त्या तयारीचीच आहे.

मार्चअखेरीची स्पर्धा जाहीर झाली. लीग कम नॉकआउट, एका सेटचे सामने, चाळीस-चाळीस झाले की गोल्डन पॉइंट, म्हणजे पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल. इंजिनिअर जानेवारीपासूनच तयारीला लागला. पहाटे सहाला कोर्टवर. नाशिकची थंडी, काचेवर दव साचलेलं, चेंडू काचेवर लागला की उसळण्याऐवजी घसरून पायाशी पडायचा. तरी त्याने एक दिवस चुकवला नाही. कॉलेजात तो बॅडमिंटन खेळलेला, त्यामुळे स्मॅशवर त्याचा जीव. कोच लावला. सर्व्ह, व्हॉली, स्मॅश, पुन्हा स्मॅश. नवी रॅकेट घेतली, चांगले बूट घेतले.

बागायतदाराला त्याच दिवसांत मान वर करायला फुरसत नव्हती. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा इतका खाली जातो की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, म्हणून रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मग खुडा सुरू झाला. मजूर, क्रेट, व्यापारी, भावाची घासाघीस. एखाद्या रविवारी संध्याकाळी तो कसाबसा कोर्टवर यायचा. उजवी बाजू त्याची आणि डावी इंजिनिअरची, एवढं ठरलं होतं. मागच्या कोपऱ्यात आलेला चेंडू बाजूच्या काचेला लागून मागच्या काचेवर गेला की बागायतदार नुसता गरगर फिरायचा. "मला हे जमत नाही रे," तो म्हणायचा. इंजिनिअर पाठीवर हात ठेवून सांगायचा, "तू नुसता उभा राहा. बाकीचं मी बघतो."

हे त्याने प्रेमाने सांगितलं होतं. पण सबंध तयारी या एका वाक्यावर उभी होती.

पहिलाच सामना पन्नाशी ओलांडलेल्या दोघांशी पडला. एक शाळेत क्रीडाशिक्षक, दुसरे औषधाच्या दुकानाचे मालक. दोघांचीही पोटं थोडी सुटलेली. इंजिनिअरला वाटलं, हे अर्ध्या तासाचं काम आहे. पहिला गेम त्याच्या दोन स्मॅशवर मिळालाही. दुसऱ्या गेमच्या मध्यावर क्रीडाशिक्षक आपल्या जोडीदाराच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि त्यानंतर इंजिनिअरकडे चेंडू यायचाच बंद झाला. सर्व्ह परतवायची तेवढी त्याच्या वाट्याला, बाकी प्रत्येक चेंडू उजव्या कोपऱ्यात. हळू, खोल, काचेला लागेल असा. बागायतदार धावतोय, वळतोय, चेंडू नेटमध्ये. धावतोय, वळतोय, चेंडू बाहेर. इंजिनिअर तीन महिन्यांचा स्मॅश हातात घेऊन डाव्या बाजूला नुसता उभा.

स्पेनमधले खेळाडू या डावाला समोरच्याला फ्रिजमध्ये ठेवणं म्हणतात. चांगल्या खेळाडूला चेंडूच द्यायचा नाही. त्याचं अंग गार पडतं, मन अस्वस्थ होतं, आणि मग बऱ्याच वेळाने एखादा चेंडू आलाच तर तो सगळी भूक त्या एकाच चेंडूवर भागवायला जातो. इंजिनिअरचं तंतोतंत तेच झालं. तो मित्राच्या बाजूला घुसून चेंडू मारायला लागला. मग त्याची स्वतःची बाजू मोकळी पडली, चेंडू तिथे पडला. एकदा तर दोघांच्या रॅकेट एकमेकींवर आपटल्या. गोल्डन पॉइंटला सर्व्ह कोणी घ्यायची हे घेणाऱ्या जोडीने ठरवायचं असतं. दोन वेळा तशी वेळ आली आणि दोन्ही वेळा मित्राकडे न बघता इंजिनिअर म्हणाला, "मी घेतो." दोन्ही वेळा त्याने पूर्ण ताकदीने मारलं. एक चेंडू टप्पा न घेता थेट समोरच्या काचेवर गेला, म्हणजे बाद. दुसरा काचेवरून उसळून औषधवाल्यांच्या रॅकेटवर आला, त्यांनी तो हलकेच मोकळ्या जागेत ठेवला. सहा-दोन.

हात मिळवताना क्रीडाशिक्षक मोकळेपणाने म्हणाले, "तुमचा स्मॅश फार सुंदर आहे. म्हणूनच आम्ही तो येऊ दिला नाही."

पुढच्या सामन्यांतही तेच झालं, कारण बाकीच्या जोड्या काचेबाहेरून बघत होत्या. घरी जाताना गाडीत दोघं फार बोलले नाहीत. बागायतदार एवढंच म्हणाला, "माझ्यामुळे गेलं." इंजिनिअरने "तसं काही नाही" म्हणायला हवं होतं. तो गप्प राहिला.

आठवड्याभरात क्लबातल्या एका टेनिस खेळलेल्या माणसाने इंजिनिअरला विचारलं, पुढच्या स्पर्धेला माझ्याबरोबर खेळता का? इंजिनिअरच्या मनाने हो म्हटलंच होतं. पण जुन्या मित्राला हे फोनवर सांगणं बरं दिसत नाही, म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी तो निफाडला गेला.

बागेत खरड छाटणी नुकतीच उरकली होती. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते. ऑक्टोबरची गोडी छाटणी, तिच्यानंतर घड धरतात. आता मांडवावर पान नव्हतं, नुसत्या तारा आणि वेलींचे बोडके ओलांडे. ऊन चढलं होतं. बागायतदार पंपाजवळ काहीतरी खटपट करत होता आणि त्याचे वडील, तात्या, ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या झाडापाशी उकिडवे बसले होते. ठिबकच्या ड्रिपरखाली त्यांनी स्टीलचा पेला धरला होता आणि नजर मोबाइलच्या घड्याळावर होती. थेंब पडत होते, पण फार सावकाश.

"तात्या, इथं काय करताय?"

"पाणी मोजतोय."

"मग तिकडे पंपाजवळच मोजायचं ना. एवढ्या उन्हात ओळभर चालत कशाला आलात?"

तात्यांनी पेल्यावरची नजर काढली नाही. "पंपाजवळच्या झाडाला काय विचारायचं? त्याला मिळतंच. फिल्टर चोंदला, नळीत क्षार बसला, उंदराने कुठं कुरतडलं, की पहिल्यांदा हे शेवटचं झाड सुकतं. ह्याचा पेला वेळेत भरला म्हणजे सगळी ओळ भरली समज."

पेला वेळेत भरला नाही. तात्यांनी नळीच्या टोकाचं बूच काढलं. आधी तांबूस, गढूळ पाणी भसकन बाहेर आलं, त्यात पांढरी कीटण होती. मग हळूहळू ते निवळलं. बूच लावून त्यांनी पुन्हा पेला धरला. आता थेंब भराभर पडायला लागले. तात्या उठले, गुडघे झाडले आणि शेजारच्या ओळीच्या टोकाशी जाऊन बसले.

इंजिनिअर शिकलेला माणूस. नळीत दाब टोकाकडे कमी होत जातो हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण तो त्या पेल्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला. तीन महिने आपण पंपाजवळच्या झाडालाच पाणी घालत होतो, हे त्याला तिथे कळलं. जे सांगायला आला होता ते त्याने सांगितलं नाही. जेवताना तो मित्राला म्हणाला, "या आठवड्यापासून मी चेंडू टाकतो. तू उजव्या कोपऱ्यात उभा राहा. सप्टेंबरअखेरीची स्पर्धा आहे, तोवर वेळ आहे."

"आणि तुझा सराव?"

"हाच माझा सराव."

छाटणीनंतर बागायतदाराच्या संध्याकाळी थोड्या मोकळ्या झाल्या. कोर्टवर छप्पर होतं, त्यामुळे पावसाळाही आडवा आला नाही. टोपलीभर चेंडू घेऊन इंजिनिअर नेटपाशी उभा राहायचा आणि एकेक चेंडू त्या कोपऱ्यात टाकायचा. "धावू नकोस. जाऊ दे त्याला. काचेला लागू दे. चेंडूबरोबर वळ, तो परत येतोय, आता पुढे हो, आता मार." सुरुवातीला बागायतदार घाई करायचा. चेंडू आपल्याला ओलांडून गेला की गेला, असं वर्षानुवर्षांच्या क्रिकेटने शिकवलेलं. पण वाट बघणं हे त्याच्या रक्तातलंच होतं. एकदा ते त्याच्या ध्यानात आलं, आणि मग तो इंजिनिअरपेक्षाही शांतपणे काचेवरचा चेंडू घ्यायला लागला.

त्यानंतर आला लॉब. नेटवर आलेल्या दोघांच्या डोक्यावरून उंच, खोल टाकायचा, म्हणजे त्यांना मागे पळावं लागतं आणि आपण दोघं पुढे जातो. दोघं म्हणजे दोघंही, एकाच वेळी. एक पुढे आणि एक मागे राहिला की मधली जागा समोरच्यांना आंदण दिल्यासारखी. त्यांनी चार शब्द ठरवले: "माझा", "तुझा", "सोड", "काच". आणि एक नियम केला, चूक झाल्यावर शेरा मारायचा नाही, पुढच्या चेंडूचंच बोलायचं.

सगळ्यात अवघड धडा इंजिनिअरच्या वाट्याला आला. चेंडू आपल्याकडे येत नसताना काय करायचं? नाशिकच्या लोकांना या प्रश्नाचं उत्तर देणारी एक खरी जोडी आठवायला हरकत नाही. इथले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' या सायकल शर्यतीत दोघांचा संघ म्हणून उतरले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. संघांना नऊ दिवसांची मुदत असते, ती त्यांनी पाळली. अशा शर्यतीत दोघांपैकी एक रस्त्यावर असतो आणि दुसरा गाडीत. गाडीतला काहीच करत नाही असं बघणाऱ्याला वाटेल. पण त्याने त्या वेळात नीट खाल्लं नाही, झोप घेतली नाही, तर पुढच्या पाळीत संघच कोलमडेल. ज्याची पाळी नाही त्याचंही काम चालूच असतं. मला ही गोष्ट त्या किलोमीटरांइतकीच मोठी वाटते.

इंजिनिअरने आपलं काम शोधलं. मित्र उजवीकडे सरकला की आपण तेवढंच सरकायचं, मधली फट राखायची. त्याला समोरची जोडी दिसत नसते, तेव्हा ते पुढे आलेत की मागे आहेत हे आपण ओरडून सांगायचं. आणि पाय हलते ठेवायचे, अंग गार पडू द्यायचं नाही. चेंडू एक का येईना, तो आला तेव्हा आपण तिथे असायचं.

सप्टेंबरअखेरीच्या स्पर्धेत लीगचे सामने निघाले आणि उपांत्य फेरीला पुन्हा तेच दोघं समोर आले, क्रीडाशिक्षक आणि औषधवाले. त्यांनी मार्चमधलाच डाव मांडला. प्रत्येक चेंडू उजव्या कोपऱ्यात. बागायतदाराने पहिला सोडला, काचेला लागू दिला, वळून लॉब टाकला. दुसरा तसाच. तिसऱ्याला चुकला. "पुढचा," इंजिनिअर म्हणाला. चौथ्याला औषधवाले मागे पळत गेले आणि धापा टाकत परत आले. तीन-तीन झाले तेव्हा नेटपलीकडून औषधवाल्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "सर, आता कुणाकडे टाकायचा?" क्रीडाशिक्षकांना लगेच उत्तर देता आलं नाही.

पाच-चार. सर्व्ह समोरच्यांची, चाळीस-चाळीस, गोल्डन पॉइंट. पंचांनी विचारलं, कोण घेणार? इंजिनिअर मित्राकडे वळून म्हणाला, "तू घे."

सर्व्ह बाजूच्या काचेला घासून आली. बागायतदाराने तिला जाऊ दिलं, गुडघे वाकवले आणि उंच लॉब टाकला. दोघं मित्र एकदमच नेटवर गेले. औषधवाल्यांनी काचेवरून चेंडू कसाबसा वर उडवला, पण तो आखूड पडला, मधोमध. इंजिनिअर तिथे होताच. बॅडमिंटनचा हात वर गेला, पण त्याने हाणलं नाही. दोघांच्या मधल्या फटीत, हळू, खाली. सहा-चार.

अंतिम सामना एका बहीण-भावाच्या जोडीशी झाला. दोघं टेनिस खेळून आलेले, वयाने तरुण, नजर तीक्ष्ण. त्यांनी उपांत्य सामना काचेबाहेर उभं राहून नीट पाहिला होता. पहिल्या चेंडूपासून त्यांनी मारा धरला तो डाव्या कोपऱ्यावर, इंजिनिअरच्या बॅकहँडवर, काचेच्या बाजूला. तिथे मार्चमध्ये कोणी चेंडू टाकलाच नव्हता, आणि एप्रिलपासून टोपली नेहमी उजव्या बाजूलाच फिरली होती. इंजिनिअर वळला तर उशिरा वळला, मारलं तर घाईने मारलं. बागायतदार मध्य राखून उभा होता, "काच, काच" ओरडत होता, पण सहा-तीन झालेच. दोघांनी उपविजेत्यांचा चषक घेतला, फोटो काढला, बहीण-भावाचं मनापासून कौतुक केलं.

गाडीत बसताना बागायतदाराने विचारलं, "फायनलला चेंडू कुठे येत होते, पाहिलंस?"

"पाहिलं. माझ्या कोपऱ्यात."

"तिकडे आपण कधी बघितलंच नाही."

"तुझी गोडी छाटणी आली ना पण आता?"

"अजून पंधरवडा आहे. उद्या सातला येतो. टोपली मी घेतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला बागायतदार नेटपाशी उभा होता आणि इंजिनिअर डाव्या कोपऱ्यात. पहिल्या चेंडूवर इंजिनिअर धावला आणि चेंडू नेटमध्ये गेला. "धावू नकोस," बागायतदार ओरडला, "जाऊ दे, काचेला लागू दे." दुसरा रॅकेटच्या कडेला लागला. तिसऱ्याला तो नीट वळला, पण मारायला उशीर झाला. चौथा काचेवरून परत आला आणि त्याने तो उंच, खोल लॉब टाकला. बागायतदाराने टोपलीतून पाचवा उचलला.